पाकीट बंद आहे, पण आतलं शाबूत आहे का?



चौथीतल्या एका पोराने परवा आयपीएल खेळाडूंच्या कार्डांचं न फोडलेलं पाकीट वर्गात आणलं. सगळे मागे लागले, फोड ना रे! तो काही फोडेना. म्हणाला, "मॅडम, बंद ठेवलं की भाव वाढतो. आतमध्ये काय खराब होणार आहे?"

प्रश्न साधा होता, पण माझ्या मनातून जाईना. कारण बंद ठेवलं म्हणजे जपलं, अशीच आपल्या सगळ्यांची समजूत असते. ती चुकीची आहे असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवायचा छंद फार जुना आहे. टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. पूर्वी ही कार्डं मेण लावलेल्या कागदात, च्युइंगमच्या पातळ वडीसोबत मिळायची. आता गंमत बघा. पाकीट कोणी कधीच फोडलेलं नसलं, तरी गमला लागून असलेल्या कार्डावर डाग पडतो. मेणकागद गरम करून चिकटवलेला असतो, म्हणून त्याच्या लगतच्या कार्डावर मेण उतरतं. मधली कार्डं मात्र बहुतेक वेळा बरी राहतात. म्हणजे नुकसान करणारं बाहेरून कोणी आलंच नाही, ते वेष्टनातच होतं! टॉप्सने १९९१ नंतर नेहमीच्या पाकिटातला गम बंद केला.

तुम्ही म्हणाल, बेसबॉलचं आपल्या धाडला काय काम? काम आहे. आपल्याही कपाटात अशीच बंद पाकिटं आहेत.

माझीच चूक सांगते. आधीच्या एका शाळेत पावसाळ्यापूर्वी मी जुनं दाखल-खारीज रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून गच्च सुतळी बांधून ठेवलं. छत गळायचं, म्हणून काळजीपोटी केलं. दिवाळीनंतर पिशवी सोडली तर कुबट वास, पुठ्ठ्यावर बुरशी आणि चार-पाच पानं एकमेकांना चिकटलेली. पाण्याचा एक थेंबही आत गेला नव्हता. कागदात आधीच असलेली ओल आत कोंडली गेली, एवढंच.

ते रजिस्टर म्हणजे नुसती रद्दी नव्हती. जात पडताळणीला आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी लागतात, ओबीसीसाठी तर १९६७ पूर्वीचा पुरावा बघतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदींचा शोध निघाला, तेव्हा शाळाशाळांतली जुनी रजिस्टरं बाहेर आली. त्या चिकटलेल्या पानांत कोणाच्या आजोबांचं नाव असेल, हा विचार आला की आजही पोटात गोळा येतो. पान फाटलं तर एका लेकराची अ‍ॅडमिशन अडते, नोकरी अडते.

आपल्या जुन्या लोकांना हे बरोबर कळत होतं. पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवायची आणि सुती कापडाच्या बासनात बांधायची. कापड धूळ अडवतं, उजेड अडवतं, पण हवा खेळू देतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृती म्हणून नोंद घेतली. शेकडो वर्षं कागद टिकू शकतो तो असा, नीट सांभाळला तर.

आणि आपण काय करतो? मार्कशीट मिळाली की धावत जाऊन लॅमिनेशन. गरम रोलरमधून गेलेला कागद पुन्हा सुटा होत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावतो, काही वर्षांनी टेप पिवळी पडून गळते आणि डिंकाचा डाग मात्र कागदात कायमचा राहतो. फोटो स्वस्तातल्या पीव्हीसीच्या पाकिटात घालतो. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि फोटो प्लॅस्टिकला चिकटतो. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर त्याचा आम्ल कागद आतल्या कागदालाही पिवळा करतो.

मग करायचं काय? खर्च फार नाही.

१. रजिस्टर धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडात बांधा. कपाट भिंतीपासून थोडं दूर ठेवा, तळाचा कप्पा रिकामा सोडा.
२. वर्षातून दोनदा, कोरड्या दिवसांत, बासन सोडून सावलीत हवा द्या. कडक उन्हात नको, शाई उडते. वाळवी, कसर लागली का तेही तेव्हाच दिसतं.
३. मूळ मार्कशीट लॅमिनेट करू नका. पॉलिप्रॉपिलीनच्या सुट्या पाकिटात ठेवा, वापरायला झेरॉक्स काढा.
४. जुन्या पानांचे फोटो काढून ठेवा, पण फोटो काढले म्हणून मूळ प्रत टाकू नका.

वर्गात हा प्रयोगही करून बघा. एकाच वर्तमानपत्राचे चार तुकडे घ्या. एक खिडकीच्या उन्हात, एक कापडात, एक वहीत आणि एक किंचित ओला करून प्लॅस्टिकच्या पिशवीत. महिन्याने मुलांनाच निरीक्षण लिहू द्या. परिसर अभ्यासाचा यापेक्षा चांगला पाठ मला सुचत नाही.

त्या पोराला मी पाकीट फोडायला लावलं नाही. एवढंच सांगितलं, "बंद ठेव, पण उन्हात नको, ओलीत नको, आणि अधूनमधून बघत जा." माझं तुमच्याकडेही हेच मागणं आहे. या दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या शाळेतलं सगळ्यात जुनं रजिस्टर एकदा सोडून बघा. घरी कागदांची पेटी असेल तर तीही उघडा. काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.