शेळी व्यायच्या आधी हप्ता का?

पुण्या-बंगळुरात आणि परदेशात नोकरीला असलेली आपल्या वैरागची पोरं हल्ली मला एकच गोष्ट विचारतात. "गावाकडच्या बायकांना धंद्याला छोटं कर्ज द्यायचंय, ॲपवरनं पाच-दहा हजार टाकू का?" विचार चांगला आहे. 2005 साली अमेरिकेत किवा सुरू झालं, पंचवीस डॉलरपासून कुणीही कुणाला कर्ज द्यावं म्हणून. आपल्याकडं 2008 पासून 'रंग दे' आहे. बचत खात्यात पैसे पडून राहण्यापेक्षा कुणाचा धंदा उभा राहत असेल तर द्या की! पण देण्याआधी एक विचारा. पहिला हप्ता कधीपासून?

सगळेजण व्याजाचं विचारतात, हे कुणीच विचारत नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गटाचं कर्ज काढायचं असलं की बायका माझ्याकडंच येतात. स्वतःचं आधार, नवऱ्याचं आधार, लाइट बिल, पासबुक. अर्जावर कर्जाचं कारण लिहिलेलं असतं: शेळीपालन, शिलाई मशीन, मिरची कांडप. आता हिशेब बघा. 30,000 कर्ज, सरळ 12 टक्के व्याज, 52 आठवडे. एकूण फेड 33,600, म्हणजे आठवड्याला साधारण 646 रुपये. (पैसे दर आठवड्याला परत जात असल्यानं वापरायला सरासरी निम्मेच मिळतात, म्हणून खरा दर 22-23 टक्क्यांच्या घरात जातो. तरी महिन्याला शेकडा पाचनं देणाऱ्या सावकारापेक्षा स्वस्तच, हे मान्य करायला पाहिजे. तो वर्षाला 60 टक्के होतो.)

या पैशातनं बाईनं दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. शेळी गाभण राहिल्यापासून व्यायला पाच महिने लागतात. करडू विकायजोगं व्हायला पुढं आणखी पाच-सहा महिने. आणि हप्ता? दुसऱ्याच आठवड्यात साहेब मीटिंगला हजर. शेळीनं अजून एक रुपया दिलेला नसतो. मग 646 कुठनं येतात? खुरपणीच्या रोजातनं, नवऱ्याच्या हमालीतनं, नाहीतर कर्जातलेच आठ-दहा हजार बाजूला ठेवून. दोन शेळ्यांऐवजी मग एकच येते. काही जणी तर दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरतात. याला धंद्याचं कर्ज कुणी म्हणावं?

आठवड्याचा हप्ता मुळात वाईट नाही बरं का. मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले, त्यात बांबूची स्टुलं करणाऱ्या बायका होत्या. आज केलं, आज विकलं. असं रोज पैसे हातात येणाऱ्याला थोडं थोडं फेडणं जमतं. आपल्याकडच्या भाजीवालीला, वडापाववालीला आजही जमतं. शेळीवालीला तोच साचा कशाला?

"लगेच हप्ता लावला नाही तर बायका पैसे उडवतात, शिस्त राहत नाही," हे उत्तर मी वसुलीवाल्यांकडनं आणि आपल्याच गावातल्या शहाण्या माणसांकडनं पन्नासदा ऐकलंय. कोलकात्यात याची रीतसर चाचणी झाली. काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी, काहींना दोन महिन्यांनी. अभ्यास 2013 मध्ये छापून आला. दोन महिने सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले, आणि तीन वर्षांनी त्यांचा नफाही जास्त निघाला. थकबाकी मात्र वाढली, ते लपवत नाही. जोखीम वाढली तर थोडं व्याज वाढवा, त्यावर बोलता येईल. पण "उडवतात" हे बोलणं आता बंद करा.

आणि शिस्तीचा एवढा पुळका असेल तर ट्रॅक्टरच्या कर्जाचं काय राव? त्याला सहामाही हप्ता चालतो, कारण ऊस आठवड्याला पिकत नाही हे बँकेला कळतं. पीककर्ज सुगीनंतर फेडायचं असतं. लाखांचं कर्ज घेणाऱ्याला सोय आणि तीस हजारवालीला दर आठवड्याला हजेरी, वर शेजारणीचा हप्ता चुकला तर तो हिनं भरायचा!

म्हसवड काही आपल्यापासनं लांब नाही. तिथं चेतना सिन्हांनी 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी केली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. बाजारात बसणाऱ्या बाईला आपला पैसा कधी येतो, कधी जातो हे अधिकाऱ्यापेक्षा चांगलं कळतं. तिला विचारा तरी.

विचारायचा नियमही आहे. रिझर्व्ह बँकेचे 2022 चे सूक्ष्म कर्जाचे निर्देश सांगतात, की हप्ता किती दिवसांनी यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचिकता देण्याचं धोरण संस्थेकडं असलं पाहिजे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन नाहीत. नातेवाइकांना त्रास देणं नाही. माझ्या काउंटरवर येणाऱ्या एकाही बाईला यातली पहिली गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

म्हणून बाहेरगावच्या पोरांनो, पैसे टाकण्याआधी त्या संस्थेला लेखी विचारा: शेळीसाठी दिलं तर पहिला हप्ता कधी, आणि एकीचा चुकला तर कोण भरणार? किवावर तुम्हाला व्याज मिळत नाही हे खरं, पण मधली संस्था त्या बाईकडनं बहुतेक वेळा घेतेच, तेही विचारा. आणि आपल्या भागातल्या पतसंस्थांच्या संचालकांनो, वार्षिक सभेत मी हाच विषय मांडणार आहे. शेळी आणि म्हशीच्या कर्जाला सहा महिने हप्ता नको, शिलाई मशीनला दोन महिने. हे करण्यात अडचण काय, ते सभेत सगळ्यांसमोर सांगा. बायकांनो, तुम्हीही या. रिझर्व्ह बँकेच्या त्या नियमाचं पान मराठीत करून ठेवलंय, दुकानातनं घेऊन जा. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.