पिशवी काढताना अंडाशयांचं काय केलं?

असोद्याहून एक ताई परवा दवाखान्यात आल्या होत्या. वय ४१. "डॉक्टर, हिशेब डोक्यात राहत नाही, रात्री झोप नाही, अंगातून वाफा निघतात." तीन वर्षांपूर्वी पिशवी काढलेली. अंडाशयं काढली की ठेवली, हे त्यांना माहीत नव्हतं. जुने कागद मागवले, तर दोन्ही काढलेली होती. का काढली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे इस्ट्रोजेन म्हणजे पाळीचं हार्मोन, एवढंच समजलं जातं. पण मेंदूलाही ते लागतं. स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. मेंदूच्या पेशींमधल्या जोडण्या टिकवायला, रक्तपुरवठा नीट ठेवायला आणि साखरेपासून ऊर्जा मिळवायला ते मदत करतं.

मग पुरुषांचं काय? त्यांच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन तयार होतं. टेस्टोस्टेरॉन वयानुसार हळूहळू उतरतं, त्यामुळे हा पुरवठा एकदम तुटत नाही. साठीच्या पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा साधारणपणे जास्त इस्ट्रोजेन असतं! स्त्रीचं इस्ट्रोजेन पाळी जाताना काही वर्षांत घटतं. अंडाशयं काढली, तर काही दिवसांतच.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७ सालच्या अभ्यासात, पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं. शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितकं कमी, तितका धोका जास्त.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार महिलांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. चर्चा पिशवीची झाली, अंडाशयांची फारशी नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पंचेचाळिशीच्या आत निरोगी अंडाशयं ठोस कारणाशिवाय काढू नयेत, आणि काढली तर कारण कागदावर लिहावं. कॅन्सर किंवा त्याचा आनुवंशिक धोका असेल, तर गोष्ट वेगळी.

शस्त्रक्रियेआधी तीन प्रश्न विचारा. औषधांनी भागेल का? अंडाशयं ठेवणार का? नसतील ठेवणार, तर नंतर हार्मोन देणार का?

अंडाशयं आधीच काढली असतील, तर घाबरू नका. प्रत्येक विसरभोळेपणा म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या. बीपी आणि साखर सांभाळा, रोज चाला. कमी वयात अंडाशयं गेली असतील, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन घेता येतात. पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेला असेल, तर सहसा देत नाहीत. स्वतःच्या मनाने मात्र सुरू करू नका. पासष्टीनंतर सुरू केलेल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाचा धोका उलट वाढल्याचं २००३ मध्ये दिसून आलं आहे.

आज एवढंच करा. घरातल्या ज्या बाईची पिशवी काढली आहे, तिचं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. नसेल लिहिलेलं, तर जाऊन विचारा.