आठवीचा त्रिकोण आणि कोयनेचा तडा



ईदच्या दुसऱ्या दिवशी धुळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी शिरखुर्मा घ्यायला गेलो. मुलगी जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणिताचा पेपर राहिला म्हणून चेहरा उतरलेला. तिच्या अब्बांचे वेल्डिंगचे वर्कशॉप आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. म्हणाले, "सर, हिच्या लॅपटॉपवर ट्रॉलीचा सांगाडा काढला की जोर कुठे येतो ते लाल रंगात दिसते. सगळे कॉम्प्युटरच करतो, मग ट्यूशनला आणखी पैसे कशाला घालायचे?"

प्रश्न रास्त होता. मी मुलीला आठवीचा धडा आठवायला सांगितला: वेड्यावाकड्या शेताचे क्षेत्रफळ. एकच सूत्र चालत नाही, म्हणून त्रिकोण पाडायचे, एकेकाचे क्षेत्रफळ काढायचे, मग बेरीज. बांध जितका वाकडा, तितके त्रिकोण लहान.

लॅपटॉपमधली पद्धत याच वाटेने जाते. तिला फायनाइट एलिमेंट मेथड म्हणतात. हे नाव अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाचे रे क्लाफ यांनी १९६० मध्ये दिले. वस्तूचे हजारो तुकडे पाडायचे, भार पडल्यावर प्रत्येक तुकडा किती ताणला जाईल याचे समीकरण मांडायचे. शेजारचे तुकडे सांध्यावर जोडलेलेच राहिले पाहिजेत, ही अट. मग सगळी समीकरणे एकदम सोडवायची. सोडवतो कॉम्प्युटर, पण तुकडे कुठे बारीक पाडायचे, भार किती धरायचा, हे माणूस ठरवतो.

मग कोयनेची गोष्ट सांगितली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे धरण टिकले, पण त्याला तडे गेले. मी कागदावर धरणाचा आडवा छेद काढला: तळाशी रुंद, माथ्याशी अरुंद, मागची उतरती बाजू वरच्या भागात एकदम उभी होते. विचारले, "तडा कुठे गेला असेल?" अब्बांनी बोट ठेवले, "इथे. जिथे आकार एकदम बदलतो, तिथेच ट्रॉलीही तडकते."

बोट बरोबर जागी होते!

धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर वजनाच्या ५ टक्के धरला होता. त्या हिशेबाने तडा जायलाच नको होता. पुढे बर्कलेतच अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने धरणाचे असे तुकडे पाडून, धरणावर नोंदलेले हादरे त्यात घालून हिशेब केला. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त ताण त्याच जागी निघाला. धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट करण्यात आले. आजही नवे सॉफ्टवेअर तपासताना कोयनेचे उदाहरण घेतात.

उलटेही घडते. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर नावाच्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीतच बुडाला. माणसे वाचली. भिंतींच्या सांध्यापाशी तुकडे नीट पाडले नव्हते, म्हणून तिथला ताण ४७ टक्के कमी निघाला आणि भिंती पातळ राहिल्या. पडद्यावरचे आकडे पाहून कुणाला शंका आली नाही.

मी म्हणालो, "भाईजान, तडा कुठे जाईल हे तुमचा हुनर सांगतो. किती भारावर जाईल हे गणित सांगते. कॉम्प्युटर चुकला तर पकडायला दोन्ही लागतात, आणि तुमच्या घरात दोन्ही होऊ शकतात."

ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग मुलीला म्हणाले, "बेटा, ट्यूशनची फी कधी भरायची आहे?"