घागर काठोकाठ नको

गेल्या येळवशीला आम्ही सगळे भालकी तालुक्यातल्या आमच्या शेतावर होतो. भज्जी, आंबील झाली, अंधार पडला. अमावास्या असल्यामुळे चंद्राचा त्रास नाही. नऊच्या सुमारास जोंधळ्यावर मृग नक्षत्र चांगलं वर आलं. आजी म्हणाली, "तिकांडं उगवलं असंल. मला लांबचं दिसत नाही रे आता, तुझ्या कॅमेऱ्यात दाव."

मी आयएसओ 3200 आणि 30 सेकंद ठेवून फोटो काढला. आकाश राखाडी, तारे लांबट. तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य, दोन्ही पांढरेफटक! आजीनं विचारलं, "तांबडा कुठाय?"

चूक माझी होती. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे वळचणीखाली ठेवलेली घागर. दुप्पट प्रकाश पडला की आकडाही दुप्पट होतो. हिशेब सरळ असतो. पण घागर भरून वाहू लागली की किती पाऊस पडला हे कळत नाही. 14 बिटच्या कॅमेऱ्यात ही मर्यादा 16383 च्या आसपास. लाल, हिरवा, निळा तिन्ही तिथं टेकले की उरतो पांढरा. आयएसओ वाढवल्यानं जास्त प्रकाश येत नाही; घागर तेवढी लहान होते.

मग दोन वेगळे फोटो घेतले. रंगासाठी आयएसओ 200, 1 सेकंद. अंधूक ताऱ्यांसाठी आयएसओ 1600, 15 सेकंद, असे 16 फोटो. 15 च का? 500 ला लेन्सच्या 18 मिमीनं आणि लहान सेन्सरच्या 1.5 नं भागलं की साधारण 18 सेकंद येतात. त्यापुढे पृथ्वीच्या फिरण्यानं तारे लांबतात. 16 फोटोंची सरासरी घेतली की खरखर पावपट राहते.

दोन गोष्टी पाळा. फोटो रॉ मध्येच घ्या, कारण जेपेगमध्ये तो सरळ हिशेब मोडलेला असतो. आणि हिस्टोग्रामचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटलेला, साधारण पाव-तृतीयांशावर असू द्या.

कलबुर्गीहून राज्य करणाऱ्या फिरोजशहा बहमनीनं 1407 मध्ये दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला काढली होती. आपल्याला शेत आणि तिकाटणं पुरे.

लॅपटॉपवर एका सेकंदाचा तो फोटो मोठा करून दाखवला. आजीनं काक्षीवर बोट ठेवलं. "हां, हाच तांबडा."

पुढच्या येळवशीला कडब्याच्या कोपीबाहेर तुम्हीही कॅमेरा लावा. आणि आजी-आजोबांना आधी दाखवा.