पोस्ट कर्मचाऱ्याची, जोखीम गावाची

चंद्रपूर, प्रतिनिधी

सिंदेवाही तालुक्यात १० मे २०२५ रोजी तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा घटनेनंतर पंचनामा होण्याआधीच मोबाइलवर संदेश फिरू लागतात. त्यांतला एखादा वनकर्मचाऱ्याचा असेल, तर लोक तो खात्याची भूमिका म्हणूनच वाचतात. 'जंगलात गेल्याच कशाला?' एवढे एक वाक्य कुणी लिहिले, तरी शोकाकुल गावाचा संताप दुसऱ्या दिवशी गस्तीवर निघालेल्या वनरक्षकाला सोसावा लागतो.

समाजमाध्यमांवरील वर्तनाबाबत राज्य शासनाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांसाठी सूचना जारी केल्या. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, राज्य वा केंद्राच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागदपत्रे प्रसृत करू नयेत, योजनांच्या यशाबद्दल लिहिताना आत्मस्तुती टाळावी, असे त्यांत म्हटले आहे. वैयक्तिक खात्यावर गणवेश, शासकीय वाहन वा इमारतीची छायाचित्रे टाकण्यासही मनाई आहे. उल्लंघन केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. या सूचनांना १९७९ च्या वर्तणूक नियमांचा आधार आहे.

मात्र नोकरी पत्करली म्हणजे मूलभूत हक्क सोडले, असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात स्पष्ट केले. त्रिपुरा उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याच्या फेसबुक पोस्टच्या प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले. त्यामुळे टीकेवरील सरसकट बंदीबाबत वाद राहणारच. तथापि, लिहिण्याचा हक्क असणे वेगळे आणि लिहिलेले नेमके पोहोचणे वेगळे. २०१९ मध्ये मुंबई महापालिकेतील तत्कालीन उपायुक्त निधी चौधरी यांची महात्मा गांधींविषयीच्या ट्विटवरून बदली झाली. आपण उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा त्यांनी केला. पण मोजक्या अक्षरांच्या मजकुरातील उपरोध पदापुढे टिकला नाही.

वनजिल्ह्यांत प्रश्न केवळ बदलीपुरता नाही. वाघाचे छायाचित्र ठिकाण व वेळेसह खुल्या खात्यावर टाकले, तर हौशी गर्दी तेथे धावते आणि शिकाऱ्यांनाही माग मिळतो. दीर्घकाळ नक्षलवादाची झळ सोसलेल्या गडचिरोलीत पथकाच्या हालचालीचे छायाचित्र सहकाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून मौन बाळगावे काय? तसेही नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी वाघीण व तिच्या बछड्यांची वाट अडविली. त्याची चित्रफीत पसरल्यानेच प्रकरण उजेडात आले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. माध्यम तेच, उपयोग निराळा.

कर्मचाऱ्याने लिहिण्यापूर्वी एकच कसोटी लावावी : या मजकुराचा उपयोग रहिवाशाला आहे की आपल्या प्रसिद्धीला? वाघाच्या वावराचे नेमके ठिकाण खुल्या खात्यावर नको. ते सरपंच, पोलिसपाटील, प्राथमिक प्रतिसाद दल व गावाच्या गटापर्यंत तातडीने पोहोचावे. संदेशात गाव, वेळ, टाळावयाचा रस्ता आणि संपर्क क्रमांक एवढे पुरे. जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे दवंडी. जेथे माडिया वा गोंडी बोलली जाते, तेथे त्या भाषेतील ध्वनिसंदेश. आणि मृत्यू झाला असेल, तर प्रथम सहवेदना, मग माहिती. मृताचा दोष कदापि नाही. संतापलेल्या ग्रामस्थाला उत्तर द्यायचे, तर ते वाद घालून नव्हे, मदत केव्हा व कोठे मिळेल हे सांगून द्यावे.

शासनाच्या सूचनांचा भर काय करू नये यावर आहे. काय लिहावे आणि कसे, हे वनरक्षकाच्या प्रशिक्षणात शिकविले गेले, तरच त्याच्या हातातील मोबाइल गावाच्या कामी येईल.