खडीसाखरेचा दोरा आणि आजोबांचा अंगठा

बालमित्रांनो, खडीसाखरेचा मोठा खडा फोडला की आतून दोरा निघतो, तो पाहिलाय ना? दाट पाकात दोरा सोडून ठेवला की साखर त्याला धरून बसते आणि खडे वाढत जातात. लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड नावाच्या डॉक्टरांनी असाच एक दोरा सोडला होता, पण पाकात नव्हे बरं का! गाऊट या दुखण्याच्या रुग्णाचे रक्त घेऊन त्यावर येणारा पिवळसर पातळ भाग त्यांनी बशीत ओतला, थोडे आम्ल घातले आणि त्यात एक-दोन धागे ठेवले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धाग्यांवर बारीक खडे धरले होते. ते होते युरिक आम्लाचे. ही गोष्ट १८५४ सालची.

गाऊटमध्ये हेच सांध्यात घडते. १०० मिलिलिटर रक्तात युरिक आम्ल साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहते. त्यापुढे गेले की सुईसारखे कण तयार होऊ लागतात. पाक गार झाला की साखर लवकर खाली बसते, होय ना? आपल्या शरीरातही पायाचे टोक जरा गारच असते. म्हणून हे दुखणे बहुधा अंगठ्याच्या मुळाशी सुरू होते. अंगठा लालभडक होतो, सुजतो, आणि रात्री चादर नुसती लागली तरी माणूस कळवळतो. अशा वेळी हसू नका हं, दुखणं भयंकर असतं.

स्पेनच्या पाचव्या चार्ल्स राजाला हे दुखणे होते. मांस आणि बिअर यांचा तो भारी शौकीन! १५५६ मध्ये त्याने राज्य सोडले आणि तो युस्ते गावच्या मठात जाऊन राहिला, तरी खाणे काही सुटले नाही. १५५८ मध्ये तो वारला. त्याच्या बोटाचा एक तुकडा जपून ठेवलेला होता. शास्त्रज्ञांनी तो तपासला आणि २००६ मध्ये जाहीर केले की त्यात युरिक आम्लाच्या क्षाराचे कण भरलेले आहेत. साडेचारशे वर्षांनी पुरावा सापडला!

मग सगळा दोष खाण्याचाच का? आमच्या चौथीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, आजोबांचा अंगठा सुजला म्हणून घरात त्यांचं वरण बंद केलंय. डाळ वाईट असते का?" बिचारे आजोबा! नुसता भात कसा जाणार घशाखाली?

ऐका तर. युरिक आम्ल प्युरीन नावाच्या पदार्थापासून बनते. प्युरीन आपल्या पेशींतही असते आणि अन्नातही. पण सुमारे दोन तृतीयांश युरिक आम्ल शरीर स्वतःच बनवते. अन्नाचा वाटा उरलेल्या एक तृतीयांशाचा. ते बाहेर टाकायचे काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. ती मंद चालली की साठा वाढतो, आणि हा मंदपणा पुष्कळदा घराण्यातून आलेला असतो. त्यात आजोबांचा काय गुन्हा?

अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या खाण्याची १२ वर्षे नोंद ठेवली गेली. २००४ मध्ये निष्कर्ष आले. मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. डाळी, पालक, मटार, अळंबी यांत प्युरीन असूनही त्यांच्यामुळे धोका वाढलेला दिसला नाही. कमी सायीचे दूध-दही घेणाऱ्यांना तर तो कमी झाला. बिअर मात्र वाईटच ठरली, आणि पुढे २००८ मध्ये साखरेची थंड पेयेही त्याच यादीत आली. (बाटलीतलं गोड पेय आवडणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

तेव्हा कलेजी, तारली, कोळंबी यांना आवर घालावा, पाणी भरपूर प्यावे. वरण खुशाल वाढावे. मूत्रपिंडाचा वेगळा आजार असला तर मात्र डॉक्टर सांगतील तेच ताट.

आता एक सोपे गणित. कडक पथ्याने रक्तातले युरिक आम्ल साधारण १ मिलिग्रॅमने उतरते. आजोबांचे ९ असेल तर किती उरले? ८. म्हणजे ६.८ च्या वरच! म्हणून डॉक्टरांनी रोजची गोळी दिली असेल तर "मी पथ्य पाळतोय" म्हणून ती आपल्या मनाने सोडायची नसते. अंगठा दुखायचा थांबला तरी आतले कण विरघळायला कित्येक महिने लागतात.