शेतावरील पाहुणघरांतील भांडीं

महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण आणल्यापासून, शेतांत दोन खोल्या बांधून त्या पर्यटकांस भाड्यानें द्याव्या, हा विचार पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत घोळत आहे. आमच्या नालवाडीहून सेवाग्राम व पवनार हीं दोन्ही ठिकाणें जवळ; तेव्हां इकडे तो विचार गैर नाहीं. परंतु अशा घराच्या स्वयंपाकखोलींत काय असावें, ह्याकडे फार थोडे लक्ष देतात. घरांतील चेपलेला गंज व कान तुटलेली कढई तिकडे रवाना करावी, ही एक रीत. शहरांतून चकचकीत संच आणून मांडावा, ही दुसरी. आम्हांस दोन्ही पसंत नाहींत.

पाहुण्यास आपल्या भांड्यांची संवय नसते, आणि तीं तो जपतही नाहीं, हें धरूनच निवड केली पाहिजे. नॉनस्टिक तवा लोखंडी सराट्यानें लवकरच खरवडला जातो. जाड लोखंडी तवा नातवापर्यंत टिकतो, मात्र धुतल्यावर पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. पितळेचीं भांडीं शोभेस ठेवावीं. कल्हई उडालेल्या गंजांत कोणीं चिंचेची आमटी केली, तर तांबें अन्नांत उतरून वांत्या होतील आणि दोष आपल्या विहिरीच्या पाण्यास लागेल. स्टीलचे जाड बुडाचे, एकांत एक बसणारे तीन गंज पुरेत. कुकरचें एक रबर जास्तीचें ठेवावें.

खरा धोका गॅसचा. १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती स्वयंपाकासाठीं आहे; धंद्यासाठीं १९ किलोचा निराळा मिळतो, तोच आणावा. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळल्यास जमिनीवर सांचतो. म्हणून झरोका खालींही हवा. सिलिंडर उभा, शेगडी त्याहून उंच, व नळी तिजवर छापलेल्या मुदतींत बदललेली असावी.

कित्येकांस चुलीवरचीच भाकरी पाहिजे असते. १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचें ठाणें आपल्या वर्ध्याची मगनवाडी. तेथील धुराड्याची मगनचूल छपरीखालीं बांधावी. पण ती पेटविणार कोण? बहुधा घरची बाईच. तिच्या कामाची मजुरी तिच्या नांवें निराळी मांडल्यावांचून धंदा फायद्यांत आहे, असें कोणीं म्हणूं नये.

भांड्यांची यादी दाराच्या आंतून चिकटवावी व पाहुणा निघतांना मोजून घ्यावीं. जन्म दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस यादीचें वेड आहे, असें कोणी म्हणेल, म्हणो. आणि वैशाखांत पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हां फ्रिज असला तरी एक माठ अवश्य भरून ठेवावा. वीज गेल्यावर पाहुणे तोच शोधतात.